माघातली पानं: अंगणवाडीतल्या पानरंगकामाचा एक प्रकरण अभ्यास

प्रसंग

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावातली ही अंगणवाडी. पटावर ३ ते ६ वर्षांची ३१ मुलं, एक सेविका, एक मदतनीस, एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात 'पानगळ' हा विषय धरून पानं रंगवायचं ठरलं. ऑक्टोबरच का, तर मोबाइलवर आलेल्या नमुन्यांत आणि छापील तक्त्यावर हाच लाल-केशरी पानांचा महिना होता. ती पानं मेपलची. थंड देशांत दिवस लहान होत जातात, गारठा वाढतो आणि झाडं पानं टाकतात. बालाघाटात मात्र त्या वेळी परतीचा पाऊस जेमतेम थांबलेला असतो, सोयाबीनच्या गंजी लागलेल्या असतात आणि पिंपळ, कडुनिंब, सीताफळ सगळं हिरवंगार असतं. झाडाखाली गळलेलं पान सापडेना, म्हणून हिरवी पानं तोडून आणली गेली.

पोस्टर कलरमध्ये भरपूर पाणी घालून मुलांनी ती रंगवायला घेतली. पिंपळाच्या पानावर रंगाचे थेंब झाले आणि ओघळून गेले. मग दाट रंग दिला, तो बसला. दुसऱ्या दिवशी पानं वळली, रंगाला भेगा गेल्या आणि तिसऱ्या दिवशी दोरीला अडकवलेल्या पानांखाली फरशीवर खपल्यांचा सडा पडला. उरलेली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली होती. आठवडाभरात त्यांच्यावर पांढरी बुरशी आली. एका मुलानं घरच्या कापसातली लालभडक पानं मोठ्या हौसेनं आणली होती. त्या शेतात आदल्याच दिवशी फवारणी झाल्याचं त्याच्या आजीकडून कळलं आणि ती पानं वेळीच बाजूला काढता आली.

मुलांचं काय झालं, हे जास्त महत्त्वाचं. आपण रंगवलेलं पान तिसऱ्या दिवशी उघडं पडलेलं पाहून चारपाच मुलांनी पुन्हा रंगाला हात लावायला नकार दिला. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'रंग निघून गेला' याचा अर्थ 'माझं पान बिघडलं' असाच लागतो. त्यामुळे साहित्य टिकाऊ असणं ही इथं शोभेची बाब राहत नाही.

बिघडलं कुठं

पानाच्या वरच्या बाजूला मेणासारखा पातळ थर असतो. आतलं पाणी उडू नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. पिंपळ, वड, आंबा या चकचकीत पानांवर तो ठळक असतो, आणि पातळ रंग त्यावर पसरण्याऐवजी गोळा होतो.

दुसरं कारण पाण्याचं. हिरव्या पानाच्या वजनात निम्म्याहून बराच जास्त वाटा पाण्याचा. पान सुकताना आक्रसतं आणि वळतं, पण त्यावरचा वाळलेला रंग आक्रसत नाही. पोस्टर कलरमधला रंग धरून ठेवणारा डिंकासारखा भाग वाळल्यावर कडक होतो, वाकत नाही. पान वळलं की तो तडकतो, आणि थर जितका जाड तितकी खपली मोठी. म्हणजे पातळ रंग बसेना म्हणून दिलेला दाट रंगच पुढं गळून पडला. बुरशीचं कारण साधं होतं: ओली पानं हवाबंद पिशवीत, तीही ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात.

या तिन्ही चुकांचं मूळ एकच, पानाची वेळ चुकली. आपल्याकडं बहुतेक झाडं पानं टाकतात ती उन्हाळ्याआधी पाणी वाचवायला, थंडी सरत आली की. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथून अलगद सुटतं. त्याआधी हिरवं द्रव्य मोडून गेलेलं असतं आणि दडलेला पिवळा रंग वर येतो. बदामासारख्या झाडात तर लाल रंग त्याच सुमारास नव्यानं तयार होतो. अशा गळलेल्या पानातलं बरंचसं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि तोडलेल्या पानासारखा त्याच्या देठातून चीक वाहत नाही. रंगकामाला हवं ते नेमकं हेच पान.

म्हणून बालाघाटातला पानगळीचा विषय माघ-फाल्गुनात घ्यावा. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या निमित्तानं आपट्याचं पान हाताळावं, त्याचे दोन जुळे भाग मुलांना बोटानं शोधू द्यावेत आणि तेवढ्यावर थांबावं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं आणि पुढं कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी परिसरात सापडणाऱ्या वस्तूंमधूनच शिक्षणसाहित्य उभं केलं. त्या कामाला इतकी वर्षं लोटल्यावरही बीडच्या लेकरापुढं मेपलचं पान ठेवलं जातं, याची खंत वाटते.

फेब्रुवारीतली मांडणी

दुसरा प्रयत्न फेब्रुवारीच्या मध्यात झाला. तोवर पट बदललेला होता. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांबरोबर सात मुलं कारखान्याच्या फडावर होती आणि आजी-आजोबांकडं राहिलेल्यांसह २४ मुलं हजर होती.

पानं गोळा करायची वेळ सकाळी सात ते आठ ठेवली. त्याचं कारण पळसाचं एक पान हातात घेतलं की कळतं. सकाळी रात्रीच्या गारव्यानं ते चामड्यासारखं लवचिक असतं, मुठीत दुमडलं तरी उलगडतं. तेच पान बारा वाजता उचललं तर कडेनं कुरकुरतं आणि बोटाच्या दाबानं शिरेपाशी चीर जाते. फाल्गुनातलं ऊन आणि कोरडा वारा चार-पाच तासांत एवढा फरक करतात.

मुलांना थेट पाचोळ्यात हात घालू दिला नाही. सुक्या पानांच्या ढिगात विंचू असतो, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. मदतनीस काठीनं पाला पसरायची, सुपात घेऊन पाखडायची आणि मग सुपातून मुलं निवडायची. निवडीसाठी एकच नियम होता: तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं, भोक नसलेलं, पक्ष्यांची घाण नसलेलं. १६०च्या आसपास पानं जमली आणि निवडल्यावर १२५ उरली. प्रत्येक मुलामागं चार धरली, तीन रंगवायला आणि एक छापाला.

झाडांचा अनुभव असा आला. पळस सगळ्यांत उत्तम: मोठं, जाड, वरून जवळजवळ गुळगुळीत, तीन-चार वर्षांच्या हाताला पुरून उरणारं. पत्रावळ्या त्याच्याच का लावतात ते हाताळलं की पटतं. बदामाचं पान रंगानं सुंदर, आणि ते लाल असेल तर त्यावर फक्त पांढरे ठिपके पुरतात. झाकून टाकलं तर त्याची मजा जाते. साग आकारानं मोठा, पण खरखरीत. रंग जास्त पितो आणि वाळलं की पटकन चुरतो. पिंपळाचं शेपूट पहिल्या पाच मिनिटांत मोडतं, म्हणून ते पाच वर्षांपुढच्या मुलांना दिलं. सीताफळ लहान आणि पातळ, चिकटकामाला बरं. कडुनिंबाच्या पत्त्या या वयाला रंगवायला देऊ नयेत, फक्त ओंजळीत घेऊन उडवायला द्याव्यात.

घेऊ नयेत अशी पानंही सेविकेनं आधी पालकांना सांगितली. रुई आणि शेर, कारण त्यांचा चीक डोळ्याला घातक. कण्हेर आणि धोतरा विषारी. बिब्ब्यानं कातडीवर फोड येतात. गाजरगवत आणि घाणेरी अंगाला लागू नयेत. शेवग्यावर केसाळ अळ्या असतील तर त्या झाडाखाली जायचंच नाही, त्यांचे केस लागले तरी खाज सुटते. आणि शेतातलं कोणतंही पान नको. लाल्या पडून लाल झालेलं कापसाचं पान मुलांना खुणावतं, पण कपाशीवर काय आणि कधी फवारलंय ते पानाकडं पाहून कळत नाही.

दाबणं आणि पुसणं

निवडलेली पानं वर्तमानपत्राच्या चौपदरी घडीत, एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरली. पाच-सहा थर, वर फळी, फळीवर चार विटा. दुसऱ्या दिवशी कागद बदलला, कारण ओल शोषलेला कागद तसाच राहिला तर पानावर काळे डाग पडतात. पिंपळ आणि सीताफळ दोन दिवसांत तयार झाले, पळस आणि बदाम तीन ते चार दिवसांत. उन्हात वाळवायचा मोह टाळावा. उन्हात पान एका तासात वळतं आणि वळलेलं पान दाबायला गेलं की मोडतं.

पान तयार आहे का हे पाहायची रीत सोपी आहे. दोन्ही टोकं हळूच जवळ आणायची. वाकलं आणि तडकलं नाही तर घ्यायचं. गार आणि लिबलिबीत लागलं तर अजून एक दिवस विटांखाली. कडकन आवाज आला तर पिळून घेतलेल्या ओल्या फडक्यात वीस-तीस मिनिटं गुंडाळायचं, पळस-बदामासारखी जाड पानं पुन्हा नरम होतात. सागाला हा उपाय फारसा लागू पडत नाही.

रंगवण्याआधी वरची बाजू पुसली: तांब्याभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं, आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घेणं. धूळ आणि वरवरचा तेलकटपणा जातो आणि रंग गोळा होत नाही. हे काम मुलांनीच केलं. कित्येकांना ते रंगवण्याइतकंच आवडलं.

रंगाचं प्रमाण

या प्रकरणातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच. प्रत्येक रंगाला ४० मिली पोस्टर कलर, १० मिली फेव्हिकॉल, १० मिली पाणी. चमच्यानं मोजायचं तर चार, एक, एक. एका रंगाचे ६० मिली तीन दिवसांना पुरले, रोज २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. १५ मिलीच्या छोट्या बाटल्या असतील तर रंगामागं तीन लागतात. फेव्हिकॉल वाळल्यावर लवचिक राहतो आणि पान थोडं वळलं तरी रंग त्याच्याबरोबर वळतो. ऑक्टोबरच्या खपल्यांवरचा हा उपाय.

याची दुसरी बाजूही आहे. फेव्हिकॉल मिसळलेला रंग कपड्यावर वाळला की धुऊन निघायला जड जातो. "बाई, एकच तर चांगला फ्रॉक हाय लेकीला," ही तक्रार रास्त आहे. वडिलांचे जुने शर्ट मागवून पुढची बाजू मागं करून मुलांना घातले, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. ब्रशही काम संपताच पाण्यात बुडवावे लागतात, पंधरा मिनिटं तसेच राहिले तर केस दगडासारखे होतात.

सुक्या तपकिरी पानावर निळा आणि पिवळा मळकट दिसतो, कारण खालचा रंग वर डोकावतो. त्यात तिसरा हिस्सा पांढरा मिसळला की उठून दिसतो. चुना मात्र पांढऱ्याच्या जागी कधीही नको, डोळ्यात गेला तर इजा करतो.

पोस्टर कलर परवडत नसेल तर गेरू हा खरोखर चांगला पर्याय आहे. रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, समप्रमाणात खळीत कालवला की पळसाच्या पानावर विटेसारखा लाल बसतो. हळद खळीत कालवून सुरेख पिवळा मिळतो, पण उन्हाच्या भिंतीवर तो काही दिवसांत उडतो. खळ म्हणजे दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून, ढवळत तीन-चार मिनिटं शिजवलेली. दोन दिवस टिकते. जुन्या रीतीप्रमाणं तिच्यात मोरचूद टाकायचा नाही, तो विषारी आहे. शेंदूरही नको, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. दाराला लावून उरलेला तेलरंग आणि रंगपंचमीची पूड यांनाही इथं जागा नाही.

प्रत्यक्ष काम आणि त्यातल्या अडचणी

२४ मुलांना एकदम बसवलं नाही. रोज आठ, तीन दिवस. आठांच्या दोन चटया: एका चटईवर लाल आणि पिवळा, दुसऱ्यावर निळा आणि पांढरा. बाकीची मुलं मदतनिसीबरोबर पडवीत पानांची वर्गवारी करत होती, लहान-मोठं, गुळगुळीत-खरखरीत. चटईवर दोनच रंग ठेवण्यामागं कारण आहे. लाल, पिवळा, निळा तिन्ही हाताशी असले की पाच मिनिटांत सगळ्याचा चिखलासारखा तपकिरी होतो, आणि तपकिरी पानावर तपकिरी रंग म्हणजे मुलाला स्वतःचं काम दिसेनासं होतं. लाल-पिवळ्यातून मात्र केशरी निघतो, आणि तो कुणी न सांगता सापडतो. त्या क्षणी मोठ्यांनी 'बघ, केशरी झाला' असं आधीच बोलू नये. मुलालाच आधी दिसू द्यावा.

पहिल्या दिवशी पान सरकण्याची अडचण आली. तीन वर्षांचं मूल एका हातानं धरून दुसऱ्यानं रंगवू शकत नाही. ब्रश जाईल तिकडं पान जातं आणि मूल चिडतं. दुसऱ्या दिवसापासून पानाच्या मागं, मधल्या शिरेवर, खळीचा वाटाण्याएवढा ठिपका लावून ते वर्तमानपत्रावर टेकवलं. रंग देऊन झाला की खळ ओली असतानाच पान उचलायचं. वाळू दिलं तर कागदासकट फाटतं. रंगवलेली पानं पडवीत सावलीला बारदान्यावर ठेवली, तासाभरात वाळली. खोलीतला पंखा बंद ठेवावा लागला.

वयाप्रमाणं हत्यारही बदललं. तीन ते चार वर्षांच्या मुलांना ब्रश देण्यापेक्षा अंगठ्याएवढ्या जाड काडीच्या टोकाला कापूस भरलेली चिंधीची पुरचुंडी बांधून दिली. ती मुठीत धरता येते आणि थापून रंग लागतो. चार वर्षांपुढं १० किंवा १२ नंबरचा चपटा ब्रश, दांडी वीतभर. पाचच्या पुढच्या मुलांनी काडीच्या मागच्या टोकानं ठिपके आणि शिरांवरून रेघा काढल्या.

पानाचा छाप हा भाग मुलांनी सर्वांत जास्त वेळा मागितला. त्याला अगदी वाळकं पान चालत नाही, दाबताच फुटतं. दोनच दिवस दाबलेलं पळस किंवा ताजं गळलेलं पेरूचं पान घ्यावं. शिरा खालच्या बाजूला उठावदार असतात, म्हणून रंग खालच्या बाजूला, आणि तोही पातळ. रंग जास्त झाला की शिरांच्या मधल्या जागा भरतात आणि कागदावर नुसता डाग उमटतो. रंगाची बाजू कागदावर, वर वर्तमानपत्राचा तुकडा, देठ मोठ्या माणसानं धरायचा आणि मुलानं दोन्ही तळहात टेकवून दहा मोजायचे. लाटणं फिरवून पाहिलं, पण या वयाचं मूल लाटणं ढकलतं आणि छाप फरफटतो. पान उचलताना देठाकडून, एका दमात. एका मुलीनं छाप उमटल्यावर तोच हात कागदावर ठेवून पानाच्या शिरा आणि हातावरच्या रेघा किती तरी वेळ ताडून पाहिल्या. असं चालू असताना 'चला, पुढचा नंबर' म्हणून घाई करू नये.

पाण्याचा हिशेब इथं सांगायलाच हवा, कारण फेब्रुवारीत पाणी टँकरवर आलेलं असू शकतं. आधी ओल्या फडक्यानं हात पुसून रंग काढायचा, मग साबणाच्या घमेल्यात, मग स्वच्छ पाण्याच्या बादलीतून मगनं खळखळून. आठ मुलांना सात-आठ लिटर पुरतं. हे सगळं गरम आहाराच्या अर्धा तास आधी उरकलं, नाहीतर नखातला रंग भातात जातो.

एक गोष्ट ठामपणे नोंदवावीशी वाटते. भिंतीवर आधीच पानांचा मोर करून लावला असता तर २४ मोर झाले असते, आणि त्यातले निम्मे मोठ्यांच्या हातचे. इथं नमुना ठेवला नाही. काहींनी सगळं पान पांढरं केलं, काहींनी नुसता देठ रंगवला. सेविकेनं प्रत्येकाच्या नोंदवहीत ओळभर लिहिलं: हत्यार मुठीत धरलं की बोटांत, कोणतं पान स्वतः निवडलं, कोणते शब्द वापरले. पालक सभेत भिंतीपेक्षा ही वही दाखवणं जास्त उपयोगी ठरलं.

सात मुलांसाठी

९६ पानं वापरून २९ उरली. ऑक्टोबरसारखी ती पिशवीत बांधली नाहीत. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून, मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला पसरून, पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवली. पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबं परतू लागली, तेव्हा बाहेर पिंपळाला तांबूस नवी पालवी होती आणि गळलेलं चांगलं पान कुठं उरलेलं नव्हतं. पेटीतली पानं खडखडीत वाळलेली. ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळल्यावर पळस आणि बदामाची नरम झाली, सागाची चार फुटली. चैत्रातल्या उन्हात रंग वाटीतच घट्ट होऊ लागला, म्हणून पाण्याचा हिस्सा एकावरून दीड चमचा केला आणि काम सकाळी नऊच्या आत संपवलं.

या सातांपैकी दोघं चार महिन्यांनी अंगणवाडीत आली होती आणि पहिल्या दिवशी आजीचा पदर सोडायला तयार नव्हती. त्यांना पुरचुंडी न देता आधी फक्त पानं पुसायला दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच रंग मागितला. पुढच्या वर्षासाठी सेविकेनं विषयपत्रकात पानगळ ऑक्टोबरमधून काढून माघात घातली आहे, आणि पळसाची ४० पानं जास्त दाबून ठेवायची नोंद केली आहे.